सोवळे आणि मरण : ‘स्मृतिचित्रे’तील मृत्युभयाचा प्रश्न

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ एका फाशीच्या आठवणीने होतो. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या घटनेचा असा काही धक्का लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, नाना गोखले यांना बसला की त्यानंतर त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही, बाहेरच्या माणसाची सावलीही टाळायची, आणि या सर्वांचा भार घरातील बायकामुलींनी वाहायचा, अशी ती तऱ्हा होती. लक्ष्मीबाईंनी हा सगळा भाग इतक्या खेळकरपणे सांगितला आहे की वाचक हसत हसत पुढे जातो. मराठी समीक्षाही बहुधा हसतच पुढे गेली आहे. नानांच्या सोवळ्याचा विनोद म्हणून उल्लेख पुष्कळदा झाला. परंतु एका माणसाच्या अकाली, अपमानित मरणातून हे सोवळे जन्मले, मरणाच्या भयाने तेथे स्पर्शाच्या भयाचे रूप घेतले, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही.

पुढे जे काही घडते ते या दृष्टीने वाचले की या आत्मकथनाची एक वेगळीच अंतर्गत रचना ध्यानात येते. मरणाला घराबाहेर ठेवण्यासाठी साऱ्या जगाला घराबाहेर ठेवणाऱ्या एका कुटुंबातील मुलगी अखेर प्लेगने आजारी पडलेल्यांच्या उशाशी जाऊन बसते. या दोन टोकांच्या मध्ये जे अंतर आहे ते तिने कसे कापले, हा ‘स्मृतिचित्रे’चा एक मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचे उत्तर तिच्या ख्रिस्ती श्रद्धेत आहे, हे उघड आहे. पण ती श्रद्धा कोणत्या प्रकारची, आणि तिने मृत्युभयाचे नेमके काय केले, हे तितकेसे उघड नाही.

या प्रश्नाला मराठीत एक पूर्वपीठिका आहे. संतांच्या वाङ्मयात मृत्यूचे भय दोन रीतींनी हाताळले गेले. समर्थांनी ‘दासबोधा’त मृत्युनिरूपणाला स्वतंत्र समास दिला. राजा असो, पंडित असो, योगी असो, मृत्यू कोणालाही सोडीत नाही, ही जाणीव त्यांनी घणाचे घाव घालावेत तशी श्रोत्याच्या मनावर ठसविली. तेथे भय हे साधन आहे. त्याच्या बळावर माणसाला जागे करावयाचे आहे. तुकोबांची रीत निराळी. जिवंतपणीच आपल्या मरणाचा साक्षी होऊन त्या सोहळ्यात उरलेला अहंभाव विरघळवून टाकणे, हा त्यांच्या अभंगांतील एक उत्कट अनुभव आहे. भीती बाळगणाराच उरत नाही, मग भीती कोणाला वाटणार? ख्रिस्ती परंपरेची भूमिका या दोहोंपेक्षा वेगळी आहे. तिच्या दृष्टीने मृत्यू हा वस्त्र बदलण्यासारखा सहज प्रकार नव्हे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याला शेवटला शत्रू म्हटले आहे. शत्रू म्हटला की भय आलेच. खुद्द येशूही गेथशेमाने बागेत मरणाच्या आदल्या रात्री व्याकूळ झाला, हा प्याला आपल्यापासून टळो अशी त्याने याचना केली, हे शुभवर्तमानांनी लपविलेले नाही. शांतपणे समाधी घेणाऱ्या ज्ञानदेवांचे चित्र ज्या मराठी मनाने पिढ्यान्पिढ्या पूजिले, त्याला घामाने थबथबलेला, मरणाला भ्यालेला हा देव स्वीकारणे सोपे नव्हते.

फादर थॉमस स्टीफन्स यांना ही अडचण जाणवली असावी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये जे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापविले त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत आणि येशूचे जन्म, मरण व पुनरुत्थान यांचा समावेश असलेले ‘दुसरे पुराण’ हे ‘पहिल्या’पेक्षा बरेच मोठे आहे. साष्टीच्या देवळांतून रविवारी व सणावारी ते वाचले जाई. ओवीच्या संथ लयीत, समुदायाच्या कानी पडणाऱ्या कथेत मरणाचा दाह आपोआप निवतो. ऐकणारा एकटा नसतो. पुराणश्रवणाचा तो गुणच आहे आणि स्टीफन्स यांनी तो पुरेपूर ओळखला होता. पण एकट्या माणसाला रात्री जे भय वाटते, त्याच्यापर्यंत पुराण पोचत नाही. ते काम आत्मपर गद्याचे.

एकोणिसाव्या शतकात हे गद्य आले तेव्हा त्याच्यावर मिशनच्या पुस्तिकांचा एक ठसा उमटलेला होता. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. त्याच वर्षी लक्ष्मीबाईंच्या घरावर फाशीची छाया पडली, हा निव्वळ योगायोग, पण मनात राहणारा. या कादंबरीत यमुनेचा पती विनायक मृत्युशय्येवर आपली ख्रिस्ती श्रद्धा प्रकट करतो आणि शांतपणे देह ठेवतो. विधवांच्या दुःखाचे जे विदारक चित्र पदमनजींनी काढले त्याच्यापुढे हे मरण फारच नीटनेटके वाटते. जेथे ते समाजाकडे पाहतात तेथे त्यांची लेखणी थरथरते. जेथे श्रद्धावंताच्या मरणाकडे पाहतात तेथे ती वळणदार अक्षर काढू लागते. ‘आदर्श मरण’ हा या पुस्तिकांचा ठराविक प्रसंग होता. मरणाऱ्याने भय वाटत नसल्याचे सांगावे, सभोवतालच्या लोकांनी अश्रू ढाळावेत, आणि एखाद्या अविश्वासी नातेवाइकाचे मन पालटावे, असा त्याचा साचा. या साच्यात खोटेपणा होता असे म्हणता येणार नाही. लिहिणारे प्रामाणिक होते. पण साचा अनुभवाला बोलू देत नाही, हे खरे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे आठवणे योग्य होईल. १९०७ सालच्या आपल्या साक्षीत त्यांनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील गमावल्याचे सांगितले आहे. भिक्षा मागण्याची सवय नसलेले, मजुरी करण्याची लाज वाटणारे ते विद्वान कुटुंब उपासमारीने खंगत गेले. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पवित्र जलाशयात देह अर्पण करण्याचा विचार केला, तेव्हा मुलाने मजुरी करून सर्वांना पोसण्याची तयारी दाखविली. रमाबाई हे सर्व तीस वर्षांनंतर, श्रद्धेच्या स्थिर भूमीवर उभे राहून सांगत आहेत. तरीही त्या पानांतील भूक आणि ती निराधारता श्रद्धेच्या प्रकाशात वितळून जात नाही. साक्षीचा हेतू देवाच्या कृपेची ग्वाही देण्याचा असला, तरी वाचकाच्या मनात रेंगाळतो तो दुष्काळ. रमाबाईंच्या लेखनाची थोरवी या विसंगतीत आहे.

आता नारायण वामन टिळकांकडे वळावे लागते, कारण लक्ष्मीबाईंची श्रद्धा त्यांच्या श्रद्धेच्या मागून आली. १८६१ मध्ये कोकणात करजगाव येथे जन्मलेल्या या कवीला १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियनाने नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते म्हणत. टिळकांच्या कवितेत मरण आरंभापासून आहे. ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेतील जखमी पक्षीण पिलांच्या चोचीत शेवटचा घास घालून प्राण सोडते; तिला स्वतःच्या मरणाचे भय वाटायला वेळच उरलेला नाही. विद्यानंद या मुलाच्या मृत्यूचे दुःख टिळकांनी ‘बापाचे अश्रू’ या विलापिकेत मांडले. या दोन्ही कवितांत मरण दुसऱ्याचे आहे आणि कवीचे सारे लक्ष मागे राहिलेल्यांकडे आहे. ही टिळकांच्या प्रतिभेची मूळ प्रकृती होय. तिच्यात वात्सल्य आहे, कणव आहे, संताप आहे. स्वतःच्या अंताविषयीची धास्ती तिच्यात फारशी आढळत नाही.

म्हणूनच ‘अभंगांजली’तील निर्भयता काही वेळा फार लवकर हाती आल्यासारखी वाटते. ख्रिस्त माउली झाली, गुरू झाला, सखा झाला; त्याच्या सहवासात मरणाचे नावच उरले नाही. भक्ताला हे पुरेसे आहे, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींनी ‘उपासना संगीता’तून टिळकांची पदे पिढ्यान्पिढ्या गायिली, ती उगाच नव्हे. मरणाच्या घरात जे गावे लागते त्याची कसोटी वेगळी असते, हेही मान्य केले पाहिजे. तथापि तुकोबांच्या अभंगात अभयाच्या आधी जी तळमळ दिसते, देवाशी जे हातघाईचे भांडण दिसते, त्या मानाने टिळकांचे अभंग पलीकडच्या तीरावर उभे राहून लिहिल्यासारखे आहेत. ज्या पुलाचा ते उल्लेख करीत त्या पुलावरची वाटचाल त्यांत कमी दिसते.

टिळकांच्या धर्मचिंतनाचा अभ्यास मराठीबाहेरही झाला. बंगळूर येथील ख्रिस्ती धर्म व समाज यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या ग्रंथमालेत पी. एस. जेकब यांचा टिळकांवरील इंग्रजी ग्रंथ १९७९ मध्ये निघाला. टिळकांची ख्रिस्तनिष्ठा ही तत्त्वविवेचनातून आलेली नसून अनुभवातून उमटलेला प्रतिसाद होय, ही भूमिका त्याच्या शीर्षकातच सूचित झाली आहे. कन्नड मुलखातील धर्मपंडितांना मराठी कवीचा ‘अनुभव’ महत्त्वाचा वाटावा, याला वचनकारांच्या भूमीचा काही संबंध असेल का, असा विचार मनात येऊन जातो. पण धर्मशास्त्र आणि साहित्यविचार यांची वाट येथे फुटते. श्रद्धेने भयावर मात केली, या निष्कर्षाशी धर्मशास्त्राला कर्तव्य. ते भय शब्दांत कसे उरले वा विरले, याच्याशी साहित्यविचाराला. आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पतीच्या अभंगांपेक्षा पत्नीच्या गद्यात अधिक सापडते.

लक्ष्मीबाईंचा प्रवास संथ होता. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर, पंढरपूरला आप्तांकडे व इतरत्र राहिल्या. पुढे अहमदनगरला आल्या तरी त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. पतीला स्वीकारले होते, स्पर्शाला नाही. जात कोणी निर्माण केली याचा विचार करता करता राहुरीला एके दिवशी त्यांचे मन पालटले आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे, असे त्यांनी ठरविले. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी स्पर्शाचे बंधन गळून पडले, मग श्रद्धेचा स्वीकार झाला. स्वर्ग, नरक, पाप, न्यायाचा दिवस या गोष्टींनी त्यांना ओढून नेले, असे पुस्तक वाचताना वाटत नाही. त्यांच्या बाबतीत धर्मांतर म्हणजे प्रथम नानांच्या घरातून बाहेर पडणे होते.

नानांच्या त्या घरात मरणाविषयी जे बोलले जात नव्हते ते सोवळ्याच्या भाषेत बोलले जात होते. मृत्यूने येणारे सुतक हे तर सर्वच घरांत होते. तेथे जणू सुतक कधी फिटलेच नाही. फाशी गेलेल्या सासऱ्याच्या मरणाचा विटाळ त्या गृहस्थाने आयुष्यभर धुण्याचा प्रयत्न केला. या पार्श्वभूमीवर शुभवर्तमानांतील काही प्रसंग एका ब्राह्मण घरातून आलेल्या वाचकाला किती वेगळे दिसले असतील, याची कल्पना करता येते. येशू कुष्ठरोग्याला हात लावून बरे करतो. याईराच्या मृत मुलीचा हात हातात घेऊन तिला उठवितो. नाईन गावच्या वेशीपाशी एका विधवेच्या एकुलत्या मुलाची प्रेतयात्रा भेटते तेव्हा तो पुढे होऊन तिरडीला हात लावतो आणि खांदेकरी थबकतात. यहुदी धर्मशास्त्रानेही प्रेताचा स्पर्श अपवित्र ठरविला होता. विटाळ मेलेल्याकडून जिवंताकडे जातो, हा नियम. येथे जीवन जिवंताकडून मेलेल्याकडे जाते. युरोपीय भाष्यकाराला हे शिकून समजून घ्यावे लागेल. सोवळ्यात वाढलेल्या स्त्रीला ते विनासायास कळणारे आहे.

प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला, १८९७ मध्ये पुण्यात हाहाकार उडाला, १८९८ मध्ये तो बंगळूरपर्यंत पोचला. माणसे मरणाला जितकी भीत होती तितकीच एकमेकांना. आजारी माणूस लपविणे, घर सोडून रानात झोपड्या बांधून राहणे, प्रेताला खांदा द्यायला कोणी न मिळणे, हे त्या वर्षांचे सर्वत्र दिसणारे चित्र होते. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. साऱ्या समाजालाच जणू नानांचे वेड लागले होते, आणि या वेळी त्याला सबळ कारणही होते. अहमदनगरला साथ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ‘स्मृतिचित्रे’तील तो भाग वाचताना जाणवते ती एक चमत्कारिक अनलंकृतता. आपल्याला भय वाटले नाही, देवाने आपल्याला बळ दिले, असे उच्चारव करून सांगण्याचा मोह त्यांना होत नाही. कोणाला काय द्यायचे, कोण रात्री जागले, कोणाची समजूत कशी काढली, अशा गोष्टींनी निवेदन भरलेले राहते. भयाला स्वतंत्र परिच्छेद मिळत नाही, आणि श्रद्धेलाही मिळत नाही. दोन्ही कामात मुरून गेलेली आहेत.

यावर एक आक्षेप घेता येईल. हे धैर्य ख्रिस्ती श्रद्धेचेच कशावरून? लक्ष्मीबाईंचा स्वभाव मुळातच धीट, खेळकर, संकटात हातपाय न गाळणारा होता. त्या हिंदू राहिल्या असत्या तरी त्यांनी हेच केले असते. आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. परंतु पुस्तकातीलच पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. बाप्तिस्म्यापूर्वीच्या लक्ष्मीबाईही धीटच आहेत. पतीच्या लहरींना आणि रागाला तोंड देताना, एकाकी दिवस काढताना त्यांचा धीर ठायी ठायी दिसतो. पण तो धीर सोसण्याचा आहे. परक्याच्या मरणापाशी आपण होऊन जाण्याचा नाही. परक्याच्या हातचे पाणी वर्ज्य असेतोवर परक्याच्या मरणाशी संबंध येण्याचे कारणच नव्हते. श्रद्धेने त्यांचा स्वभाव बदलला नाही. त्या स्वभावाला वावरायला मोकळे अंगण दिले. दुष्काळातील अनाथ मुलांनी टिळकांचे घर भरले, तेही याच अंगणातून.

मराठी वाचकाने ‘स्मृतिचित्रे’वर मनापासून प्रेम केले आहे. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आजही छापले जाते, वाचले जाते. १९५० मध्ये जोसेफीन इंकस्टर यांनी आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. पण या प्रेमात एक अट दडलेली आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची भाषा, टिळकांसारख्या विक्षिप्त माणसाबरोबरचा त्यांचा संसार यांवर रसिक लुब्ध होतात आणि धर्माचा भाग अडचणीचा पाहुणा आल्याप्रमाणे ओसरीवर बसवून ठेवतात. उलट ख्रिस्ती मंडळींना या पुस्तकात साक्ष हवी असते, आणि विनोद ही तिची गोडी वाढविणारी गोष्ट वाटते. दोन्हीकडून एकच चूक होते. या बाईचा विनोद आणि तिची श्रद्धा या दोन गोष्टी नव्हेतच. मरणाची छाया असलेल्या घराकडे वळून पाहताना जिला हसू येते, तिच्या मनात त्या छायेचे काहीतरी झालेले असले पाहिजे. नानांविषयी लिहिताना लक्ष्मीबाईंच्या मनात कडवटपणा नाही. वेडाचा जाच सोसलेल्या मुलीला तो असता तर कोणी दोष दिला नसता. भय गेल्यावरच भित्र्या माणसाची कीव करता येते.

टिळकांचे निधन ९ मे १९१९ रोजी मुंबईत झाले. त्याआधी दोन वर्षे, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. आपल्या देहाचे दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती आणि त्याप्रमाणे दहन करून अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. शरीराच्या पुनरुत्थानावर श्रद्धा ठेवणाऱ्या आणि म्हणून दफनाचा आग्रह धरणाऱ्या तत्कालीन ख्रिस्ती समाजात हा निर्णय साधा नव्हता. त्यात देशीपणाचा अभिमान होता हे खरे. पण देहाच्या राखेतून उठविण्याइतका आपला देव समर्थ आहे, हा निःशंकपणाही त्यात होता. ‘अभंगांजली’त जी निर्भयता काहीशी सुलभ वाटते, तिला टिळकांनी येथे कृतीची जोड दिली. कवीवर घेतलेल्या आक्षेपाला माणसाने दिलेले हे उत्तर आहे, आणि समीक्षकाने ते निमूटपणे नोंदविणे बरे.

‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्रावरील महाकाव्य मात्र अपुरे राहिले होते. टिळकांचे लिहून झाले ते सुरुवातीचे अकरा अध्याय. म्हणजे येशूचा जन्म व बालपण या जवळपासचा भाग कवीने लिहिला आणि गेथशेमाने, कालवरी व रिकामी कबर हे सारे त्याच्या विधवेच्या वाट्याला आले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी उतारवयात चौसष्ट अध्याय रचले. टिळकांच्या पद्यरचनेची सफाई त्यांत नाही. अनेक ठिकाणी कथा नुसती पुढे सरकते. परंतु येशूच्या दुःखसहनाचा हा भाग लिहिणारी बाई आपल्या मुलाला आणि पतीला पोचवून आलेली आहे, प्लेगचे बिछाने तिने पाहिलेले आहेत, हे विसरून तो वाचणे अवघड आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेकडे प्रथम निघाल्या त्या स्त्रिया, आणि निघाल्या त्या प्रेताला सुगंधी द्रव्ये लावण्यासाठी, म्हणजे स्पर्श करण्यासाठीच. शिष्य त्या वेळी दारे लावून बसले होते. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी वारल्या तेव्हा काव्याचा एक अध्याय राहिला होता. तो देवदत्त टिळकांनी लिहिला आणि शहात्तर अध्यायांचे ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून निघाले.